पाठीमागे ऊस नको

ती. स्व. मामांस,


एसटीच्या पार्सलनं एक खोकं पाठवलंय. स्टँडवरून ते कुणाकडून तरी आणवून घ्या, स्वतः उचलू नका. फोटोच्या कागदाचं वजन किती होतं हे तुम्हाला सांगायला नको. आत ११२ फोटो आहेत. एक सोडून सहा बाय आठ, सगळे मॅट. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि गावाकडं फोटो हातोहात फिरतो, हे तुमचंच वाक्य इथल्या लॅबवाल्याला ऐकवून मॅट करून घेतले. त्यांचं काय करायचं ते शेवटी लिहिते. आधी हे लांबलचक पत्र ऐकावं लागेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून महिनाही झालेला नाही, तेव्हा मामीला वाचून दाखवायला सांगा. पत्र छापायला देऊ का असं फोनवर विचारलं, तेव्हा "माझं काय छापायचं त्यात" एवढंच म्हणालात. ऐकून झाल्यावर नको वाटलं तर तसं सांगा, छापणार नाही.

मला तुमची माफी मागायची आहे. ती फोनवर मागता येत नाही, कारण फोनवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि फोन मामीकडे देता.

पुण्यातल्या फोटोग्राफीच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं होतं, कॅमेरा हातात कसा आला. कुणी सांगितलं वडिलांनी परदेशातून आणला, कुणी सांगितलं ट्रेकिंगमुळे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माझे मामा फोटोग्राफर आहेत." शिकवणाऱ्या मॅडमनी मान वर केली. आणि मी लगेच पुढं जोडलं, "म्हणजे लग्नाचे वगैरे." ते "वगैरे" मला तीन वर्षं टोचतंय. धारूरच्या बाजारपेठेतला आपला स्टुडिओ, तो निळा पडदा, तुमचं अख्खं आयुष्य मी त्या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवलं.

मी नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी होती. डार्करूम तेव्हा बंद पडायला आली होती आणि तुम्ही नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, तरी हायपोचा आंबूस वास भिंतींतून गेला नव्हता. एक म्हातारे बाबा आले. धोतराच्या सोग्यात बांधून मतदानाचं कार्ड आणलं होतं. बायको वारली होती आणि तिचा जगात असलेला एकमेव फोटो त्या कार्डावर होता, नखाएवढा, काळा-पांढरा, त्यावरून शिक्का गेलेला. तेराव्याला भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे म्हणाले. तुम्ही कार्ड उजेडात धरलं आणि विचारलं, "बाबा, साडी कोणती दाखवू?" बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हिरवी होती तिची एक." तुम्ही रात्रभर माऊस घेऊन बसलात. शिक्का काढलात, डोळ्यांत जीव आणलात, साडी हिरवी केलीत. गालावरच्या सुरकुत्यांना मात्र हात लावला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "त्या काढल्या तर ते ओळखणार नाहीत तिला." ठरल्या दिवशी बाबा आलेच नाहीत. तेव्हा एम-८० काढून, मला पुढं उभं करून, तुम्ही तो फोटो डोंगरातल्या वस्तीवर नेऊन दिलात. परत आल्यावर ऑर्डरच्या वहीत शेवटच्या रकान्यात खूण केलीत. नाव, गाव, साइज, आगाऊ, बाकी आणि शेवटी 'पोचला'. बाकीच्या रकान्यात काही लिहिलं नाहीत.

ही गोष्ट मी कॉलेजात तीन वर्षांत एकदाही सांगितली नाही.

कॉलेजनं मला काय दिलं तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीचे पैसे वाया गेले. पहिले पंधरा दिवस आम्हाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. एक जागा निवडायची, तिथं रोज त्याच वेळी जाऊन बसायचं आणि वहीत लिहायचं. मी मार्केट यार्डातल्या हमालांची चहाची टपरी धरली. चौथ्या दिवशी कळलं की सगळे हमाल कप डाव्या हातात धरतात, आणि आठव्या दिवशी त्यांच्यातल्याच एकानं कारण सांगितलं: पोत्यात आकडा घालून घालून उजव्या हाताची बोटं सकाळच्या वेळी वळत नाहीत. पहिल्याच दिवशी कॅमेरा काढला असता तर पाठीवर पोतं असलेला माणूस टिपून मी घरी गेले असते. थांबायला मी तिथं शिकले, आणि त्याबद्दल मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

आपल्या माणसांनी केलेलं कामही तिथंच पाहिलं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं केलेलं काम पाहिलं. गटारात उतरलेला माणूस ज्या उंचीवरून वर बघतो, त्या उंचीवर जाऊन काढलेले फोटो. संदेश भंडारे यांचं तमाशावरचं पुस्तक पाहिलं. त्यात फडावरच्या दिव्यांइतकीच राहुटीतली दुपारही आहे. आणि नारायण विनायक विरकर यांचे फोटो पाहिले, त्यांच्याबद्दल तुम्हाला आवर्जून सांगायचंय, कारण तेही तुमच्यासारखेच माणसांना समोर बसवून फोटो काढणारे. टिळकांचे फोटो त्यांनी काढलेले आहेत. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबार झाल्यानंतर हा माणूस मुंबईहून अमृतसरला गेला. प्रेतं तेव्हा नव्हती, रक्त नव्हतं. भिंत होती. त्यांच्या फोटोत त्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती खडूनं गोल केलेले दिसतात आणि शेजारी माणसं उभी आहेत. खडू नसता तर ती एक पडकी भिंत आहे. विटा अशाही उडतात. मॅडम म्हणाल्या, फोटोखालची ओळ म्हणजे हा खडू. नाव, गाव, तारीख, काय झालं. फोटो एकटा साक्ष देत नाही.

पण त्याच वर्गात आणखी एक गोष्ट मी शिकले, आणि ती कुणी मुद्दाम शिकवलीही नव्हती. कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस म्हणजे फुकट गेलेली फ्रेम, असं आम्ही सगळे मानायला लागलो. 'पोज' हा शब्द आमच्यात शिवीसारखा वापरला जायचा. खरं जगणं म्हणजे आपण तिथं नाही असं समजून माणूस जे करतो ते. मग आपण तिथं नाही असं वाटावं म्हणून सगळी धडपड. शटरचा आवाज बंद, कपडे मळखाऊ, कॅमेऱ्यावरची कंपनीची अक्षरं काळ्या चिकटपट्टीनं झाकलेली. वारीच्या वेळी दिवे घाटात गेलो तर तिथं कॅमेऱ्यांचीच दिंडी होती. त्यावर जास्त लिहीत नाही. १,४०० फोटो काढले, मॅडमनी एक ठेवला.

शेवटच्या वर्षी एका विषयावर अख्खा हंगाम काम करायचं होतं. मी ऊसतोड घेतली. आपल्या भागातली माणसं, आपली बोली. मला वाटलं आपल्याला दारं उघडीच असतील. नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका फडावर पोचले. चौदा कोयत्यांची टोळी, डोकी सेंटरची, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहणारी. तुम्हाला माहीत आहे, पण पत्र इतरांच्याही हातात जाणार म्हणून लिहिते: एक नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, हल्ली ती लाखाच्या घरात असते, आणि मग ती फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, म्हणजे मजुरी नाही आणि वर दंड. बाई बाळंत झाली तरी खाडा.

पहाटे तीनला टोळी उठायची. मीही उठायचे. कोपीत उभं राहता येत नाही. बांबूच्या कमानी, त्यावर चटई आणि ताडपत्री. पहिले आठ दिवस माझे सगळे फोटो काळेकुट्ट आले. चुलीचा उजेड खालून येतो, चेहऱ्याचा वरचा भाग बुडतो, धूर सगळं सपाट करतो. आयएसओ वाढवला तर दाणे दिसायचे, शटर हळू केला तर हात हलायचा. नवव्या दिवशी आक्कानं (टोळीत तिला सगळे आक्काच म्हणतात) मोबाइलची बॅटरी लावली, तो मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि पिशवी वरच्या बांबूला टांगली. उजेड एकदम मऊ झाला. तुम्ही फ्लॅशवर बटर पेपर लावायचात, अगदी तसा. मी विचारलं, पिशवीत कशाला? म्हणाली, "उघडा उजेड पोराच्या डोळ्यात जातो, उठतंय ते." त्या उजेडात तिनं भाकरी थापायला घेतली. पीठ परातीत फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला तळव्यावरचा घट्टा, कोयत्याच्या मुठीनं पडलेला, पिवळट, पिठातून डोकं वर काढत होता. पीठ चिकटायचं सगळ्या हाताला, फक्त घट्ट्याला नाही. तो कोरडाच राहायचा. आक्काचा पदर खांद्यावरून घसरलेला, मांडीवर पोर. मी पस्तीसची लेन्स लावून दीड हातावर बसले होते आणि तिला माझं भान नव्हतं. तो फोटो मिळाला, मामा. माझ्या शिक्षणातला सगळ्यात चांगला फोटो. तोच मला पुढं महागात पडला.

दोन-तीन दिवसांनी मोळ्या बांधताना तिनं माझं गाव विचारलं. आजोळ धारूर म्हटल्यावर कमरेत ताठ झाली. "बाजारपेठेतला फोटोवाला? त्यो तुजा मामा?" तिच्या लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत. गाव लिहीत नाही, वहीत सापडेल. म्हणाली, "तीनदा मान वर करायला लावली त्यानं मला. वर बघ पोरी, वर बघ, म्हणं. सगळ्यांसमोर लाज वाटत हुती, पर फोटू लई ब्येस आला." मग मोळीची गाठ ओढता ओढता, अजिबात रागानं नाही, सरळ विचारलं, "मग तू अशी चोरून का काढतीस गं?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं, वर्गातलं. मी तिला खरं जगणं वगैरे समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजा बी एक काढ की चांगला. साडी नेसून." मी हसून विषय बदलला. तसे फोटो माझ्या कामात बसत नाहीत, असं मनात म्हणाले. तिनं आणखी दोनदा विचारलं. मग विचारायचं बंद केलं.

जानेवारीत आमचं प्रदर्शन झालं. भाकरीचा फोटो तीन फूट बाय दोन फूट लावला. लोक त्याच्यासमोर थांबत होते. एक बाई रडल्या. निमंत्रणपत्रिकेवरही तोच फोटो घातला होता आणि पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मला आनंदच झाला होता. फेब्रुवारीत पुन्हा फडावर गेले तर आक्का बोलेना. दिवसभर माझ्याकडं पाठ करून तोडत होती. संध्याकाळी दुसऱ्या एका बाईकडून कळलं: तो फोटो फिरत फिरत मुकादमाच्या मोबाइलवर आला, त्यानं चारचौघांत दाखवला, आणि मग तो तिच्या माहेरी पोचला. रात्री मी तिच्या कोपीपाशी जाऊन बसले. ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "झंपर फाटका हुता गं खांद्याला. म्हणली असतीस तर बदलला असता. सोयऱ्यात गेला फोटू."

मी तो फोटो हजार वेळा पाहिला होता. उजेड पाहिला, घट्टा पाहिला, मांडीवरच्या पोराची बोटं पाहिली. उसवलेली बाही मला एकदाही दिसली नव्हती. तिला पहिल्या नजरेत तीच दिसली.

आणि मामा, माझ्याकडं तिचं संमतीपत्र होतं. कॉलेजनं छापून दिलेलं, मराठीत, कलमं घातलेलं. मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या टोळीच्या सह्या आणि अंगठे घेतले होते आणि मला वाटलं होतं माझ्याकडून काही राहिलेलं नाही. त्या रात्री लक्षात आलं की त्या माणसांनी उचल घेताना मुकादमाच्या कागदावर जसा अंगठा दिला, तसाच माझ्या कागदावर दिला होता. शिकलेलं माणूस कागद पुढं करतंय, तर अंगठा द्यायचा असतो. तुम्ही उभ्या आयुष्यात कुणाचं संमतीपत्र घेतलं नाहीत. तुमच्याकडं माणूस स्वतः चालत यायचा, केस विंचरून, आणि फोटो घेऊन जायचा.

पुण्याला परत आल्यावर मी लायब्ररीत डोरोथिया लँग या फोटोग्राफरवर वाचत बसले. तिचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे, स्थलांतरित आईचा. आम्हाला पहिल्याच महिन्यात दाखवला होता. आई हनुवटीला हात लावून लांब बघतेय, दोन पोरं तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला. पीक गोठून गेलं होतं आणि तळावर खायला नव्हतं. म्हणजे मामा, तीही तोडणीवालीच. पानावरचा तो फोटो बघताना मला कोपीच दिसत होती. लँग सरकारी योजनेसाठी काम करत होती. तिनं तिथं मोजके फोटो काढले, बाईनं आपलं वय सांगितलं, पण लँगनं नाव विचारलं नाही. फोटो छापून आल्यावर तळावर २० हजार पौंड अन्न पोचलं. ती आई तोवर पोरांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. तिचं नाव जगाला १९७८ साली कळलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तेव्हा तिनं सांगितलं की फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. आणखी एक बारीक गोष्ट, तुम्हाला टचिंगवाल्याला रस वाटेल अशी. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खटकत होता, म्हणून पुढं तिनं तो टच करून काढवून घेतला. अंगठा दिसला तिला. मलाही असंच दिसतं: रेषा, कोपरे, उजेड.

लँगचं काम मोठं आहे आणि त्या फोटोनं पोटं भरली, हे मी नाकारत नाही. फोटो काढूच नयेत असंही मला वाटत नाही. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना फिरले नसते तर कितीतरी गोष्टी नुसत्या आकड्यांत राहिल्या असत्या. पण बेचाळीस वर्षं एका बाईचं नाव कुणी विचारू नये, तिच्या हातात एक प्रत कुणी ठेवू नये, याचा मला ते वाचताना फार राग आला, आणि त्या रागात मी स्वतःही होते. तुमच्या डब्यांतल्या निगेटिव्ह आठवल्या. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर साल आणि गाव. लँग ज्या योजनेत होती तिथला साहेब, रॉय स्ट्रायकर, नापसंत निगेटिव्हला भोक पाडायचा; ते फोटो आज पाहिले की कुणाच्या छातीवर, कुणाच्या तोंडावर काळा गोल दिसतो. तुम्ही डोळे मिटलेल्या माणसाची निगेटिव्हसुद्धा फेकली नाहीत.

एक गोष्ट मला फोटोत आणताच आली नाही, तीही सांगते. रात्री बायका आपसात बोलायच्या त्यात 'पिशवी काढली' हे शब्द सारखे यायचे. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या बीड जिल्ह्यात घरोघर आहे ते. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलं की ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांत तिशीच्या आतबाहेरच्या बायकाही. पाळीत खाडा नको, पोटदुखीत खाडा नको. वर्गातला एक मित्र म्हणाला, व्रणाचा क्लोजअप घे, फार जोरदार होईल. त्याचा हेतू वाईट नव्हता. मी नाही घेतला. फाटकी बाही सोयऱ्यांत गेली तर जिचा जीव एवढा कासावीस होतो, तिचं पोट मी भिंतीवर लावणार? मी मोळ्यांचा फोटो घेतला: पहाटेच्या धुक्यात रांगेनं उभ्या ठेवलेल्या मोळ्या, माणूस एकही नाही. खाली हा आकडा आणि खाड्याचा दर लिहिला. विरकरांचा खडू मला तिथं उपयोगी पडला. फोटो म्हणून तो साधाच आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं गेले. या खेपेला आधीच निरोप धाडला की ज्याला फोटो काढून पाहिजे त्याचा काढीन, जसा पाहिजे तसा. आक्कानं सकाळी तोड उरकून तोंड धुतलं, केसांना तेल लावलं. मी म्हटलं, कुठं उभी राहतेस? माझ्या डोक्यात होतं की मागं तुरे आलेला ऊस छान दिसेल. ती म्हणाली, "पाठीमागं ऊस नगं. ऊस रोजच हाय." सगळ्या शेतातून हिंडून तिनं मळेवाल्याच्या मोटारीच्या खोलीची भिंत निवडली. निळी, वरून बोगनवेल आलेली. तुमच्या स्टुडिओतल्या पडद्याची निळी. तिला ते आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही.

मग टोळीतल्या सगळ्या आल्या. अंजिरी रंगाची एकच काठपदराची साडी आहे, ती तुम्हाला पाच फोटोंत दिसेल, पाच बायकांच्या अंगावर. पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला लावलेला आपला कोट आठवला. अर्ध्या तालुक्यानं तो घातला असेल. पुरुषांनी कोयते लांब ठेवले. एकानं ट्रॅक्टरवाल्याचा गॉगल मागून आणला. मी तुमच्यासारखीच बोलत होते, ते नंतर लक्षात आलं. हनुवटी जरा खाली. खांदा तिरका. हाताचं काय करू असं विचारलं की हात हातात घ्या. आणि शेवटी, "आता श्वास सोडा." श्वास सोडल्यावर चेहरा जो खाली उतरतो, तेव्हा बटण दाबायचं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही, तुम्ही स्टुलाशेजारी उभं करून दाखवलं होतंत.

आक्का श्वास सोडेपर्यंत मी थांबले. तिनं सरळ लेन्समध्ये पाहिलं. तो फोटो सगळ्यात वर ठेवलाय.

मॅडमना हे फोटो पटलेले नाहीत. त्यांचं म्हणणं, हे चांगलं केलंस, पण हे तुझ्या कामाचं वेगळं खातं. ऊसतोडीवरच्या मांडणीत ते ठेवलेस तर बघणाऱ्याला वाटेल की सगळं आलबेल आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बोगनवेलीखाली उभ्या बाईकडं बघून खाडा कळत नाही. पण मी मोळ्यांच्या फोटोशेजारी आक्काचा हा फोटो ठेवणार आहे, मार्क गेले तरी. ती पहाटे तीनला उठून तोडते हे खरं आहे, आणि तिला मागं ऊस नकोय हेही तितकंच खरं आहे. आमचा वाद अजून चालू आहे. मॅडम मोकळेपणानं वाद घालू देतात.

आता कामाचं. पट्टा पडलाय, म्हणजे हंगाम संपला. ही माणसं गुढीपाडव्याच्या आसपास गावी पोचतील आणि मग लग्नसराईत कुणी घरी सापडणार नाही, म्हणून लवकर करावं लागेल. खोक्यात गावांप्रमाणे गठ्ठे आहेत. प्रत्येक पाकिटावर नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि वस्ती लिहिलीय. मुकादमाच्या हाती एकही पाकीट देऊ नका, तो कितीही म्हणाला मी वाटतो तरी. तुम्हाला उन्हात जायला डॉक्टरांनी मनाई केलीय, तेव्हा दादाला गाडीवर पाठवा, पण वहीत खूण तुम्ही स्वतः करा. तीच जुनी वही. पानं शिल्लक आहेत, दिवाळीत पाहिली होती.

आक्काच्या पाकिटात आणखी एक बंद पाकीट आहे. त्यात भाकरीचा फोटो आहे. तो ठेवायचा की नाही हे तिनं ठरवायचंय. मी तिला फडावर विचारलं तेव्हा "घरी जाऊन सांगते" म्हणाली. पाहुण्यांदेखत, मुकादमादेखत सांगायचं नसेल. दादानं घाई करू नये. नको म्हणाली तर मला कळवा, मी तो सगळीकडून काढून घेईन, मॅडमना तसं सांगून ठेवलंय. हो म्हणाली तरी खाली तिचं नाव घालायचं की नाही, तेही विचारायचं.

सगळ्यात खालचं पाकीट लहान आहे, पोस्टकार्ड साइजचं. फेब्रुवारीत फडावर एक मुलगी जन्मली. फोटो काढला तेव्हा ती अकरा दिवसांची होती आणि नाव ठेवलेलं नव्हतं. बारसं गावी जाऊन करणार होते. पाकिटावर मी आईचं नाव लिहून पुढं जागा कोरी सोडलीय. मुलीचं नाव विचारून घ्या, आणि पाकिटावर व वहीत दोन्हीकडं तुमच्या अक्षरात लिहा.

मामीला नमस्कार.

तुमची भाची